शाळा जिल्हा परिषदेची, किल्ली मंत्रालयाची!

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्या स्वाधीन झाले. बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये सुचविलेल्या आणि वसंतराव नाईक समितीने महाराष्ट्रापुरत्या घडविलेल्या या रचनेमागील विचार साधा होता. मूल शाळेत का येत नाही, हे मंत्रालयातील सचिवापेक्षा गावाला अधिक कळते. त्या विचाराचे आज काय उरले आहे?

नाव जिल्हा परिषदेचे, बाकी सारे शासनाचे, ही वस्तुस्थिती आहे. शिक्षकांचे वेतन शासनाचे, भरती शासनाच्या संकेतस्थळावरून, शिक्षकांची पदे किती हे ठरविणारी संचमान्यताही शासनाच्याच निकषांवर. शाळेच्या हाती उरते ते समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त अनुदान. तीस पटापर्यंतच्या शाळेला त्याचा निकष वर्षाला १० हजार रुपयांचा, म्हणजे दिवसाला सुमारे २७ रुपये! खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सारे त्यातच. शिवाय किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी. एवढ्या पैशांत शाळा चालवायची आणि पट घटला की ठपका गुरुजींवर ठेवायचा, हा कुठला न्याय?

गणवेशाचे उदाहरण तर बोलके आहे. पूर्वी दोन गणवेशांचे ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापडखरेदी शासनाने आपल्याकडे घेतली. परिणाम? शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी असंख्य मुलांच्या अंगावर गणवेश चढला नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा अधिकार पुन्हा समित्यांना दिला. चूक सुधारली हे बरेच झाले. पण ती करण्यापूर्वी गावाला विचारावे, असे कोणालाच का वाटले नाही?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, ‘स्थानिक पुढारी भ्रष्ट असतात, म्हणून अंकुश हवा.’ अंकुश अवश्य हवा! स्थानिक निधी लेखापरीक्षण आहे, विधिमंडळाची पंचायत राज समिती आहे. त्यांचे दोषारोप धसास लावावेत आणि अपहार करणाऱ्याला तुरुंग दाखवावा. परंतु देखरेख वेगळी आणि ताबा वेगळा. हिशेब तपासणाऱ्यानेच तिजोरी उचलून नेली, तर त्याचा हिशेब कोणी तपासायचा?

मार्च २०२२ मध्ये बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. कारण ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादाचे. प्रशासक आले महाविकास आघाडीच्या काळात आणि टिकले महायुतीच्या काळात. दोष एका पक्षाच्या माथी मारून सुटका नाही. राज्यघटनेचे कलम २४३-ई पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असे सांगते. तरीही ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका उरकण्याचा आदेश द्यावा लागला आणि राज्यातील स्थानिक मतदानाचा क्रम सुरू व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. या काळात जिल्हा परिषदेची शिक्षण समितीच नव्हती. छप्पर गळते म्हणून पालकाने कोणत्या सदस्याचे दार ठोठवायचे? शिवाय निर्वाचित मंडळ नसेल तर केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान अडते. म्हणजे निवडणूक राज्याने लांबवायची आणि भुर्दंड गावाने सोसायचा!

उपाय गहन नाहीत. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींवर शासनाने काय केले, हे वेळच्या वेळी विधिमंडळापुढे यावे. शाळेचे अनुदान जूनपूर्वी शाळेच्या खात्यात जमा व्हावे. ग्रामसभेच्या ठरावाविना एकही लहान शाळा बंद किंवा ‘समूह शाळे’त विलीन होऊ नये. आणि निवडणूक लांबवण्याचा मोह कोणत्याही सरकारला पुन्हा होऊ नये.

मात्र सारा भार शासनावर टाकून मध्यमवर्गीय सुशिक्षितांनाही मोकळे होता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे ठरविले आहे. ती समिती कागदावरच राहिली, तर दोष मंत्रालयाचा नव्हे. आपली मुले इंग्रजी शाळेत धाडून गावच्या शाळेबद्दल हळहळणे सोपे आहे; ग्रामसभेत उठून तिचा हिशेब मागणे कठीण. समाज जागा राहिला तरच सत्ता खाली उतरते. जो समाज आपल्या शाळेची किल्ली मागत नाही, त्याला ती कोणतेही सरकार आणून देणार नाही.