अंथरुणाला खिळलेल्यांचे काय?



‘वृद्धाश्रम म्हणजे संस्कारांचा ऱ्हास’ हे पत्र वाचले. अर्धांगवायू झालेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलण्याची वेळ पत्रलेखकांवर बहुधा आलेली नसावी. त्यात हयगय झाली की माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग जखम पडते. आहुपे खोऱ्यातल्या घरांत हे सून करते, ऐन भातलावणीतही. मुलगा चाकणला कंपनीत पाळीवर. इथे संस्कार कुठे कमी पडले?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा दाखला त्यांनी दिला आहे. प्रांताकडे अर्ज केला तर महिना १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, हे खरे. पण भत्त्याने कूस बदलली जात नाही. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या एका वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ती मात्र पत्रात नाही. आणि १५० जागा पुण्याएवढ्या जिल्ह्याला कुठे पुरणार!

घोडेगाव आणि जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयांत दीर्घ शुश्रूषेसाठी आठ-दहा खाटा राखून ठेवाव्यात, आशाताईंसोबत घरोघरी जाणारी परिचारिका नेमावी. लोकप्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पात एवढे तरी मागावे.

— एक वाचक, आंबेगाव