समजून घ्या : जर्मन, जपानी शिकताना मराठी कशी कामी येते?

एका टोकाला हिंजवडी-माणचे आयटी पार्क, दुसरीकडे पिरंगुटचे कारखाने आणि लवळ्यात विद्यापीठे. मुळशी तालुक्यातल्या तरुणांसाठी परदेशी भाषा ही आता हौसेपुरती गोष्ट राहिलेली नाही. जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार महाराष्ट्राने २०२४ मध्ये केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली.

संधी दाराशी आली, तरी मराठी माध्यमातली अनेक मुले क्लासच्या पायरीवरूनच मागे फिरतात. ‘आधी इंग्रजी पक्के करू, मग बाकीचे बघू,’ हे त्यामागचे कारण. हा समज चुकीचा आहे. नव्या भाषेत ओळखीच्या खुणा सापडल्या की शिकण्याची गोडी लागते आणि अशा खुणा मराठीत भरपूर आहेत.

जपानी वाक्य मराठी वळणाचे

‘मी भात खातो’ याचे जपानी ‘वाताशि वा गोहान ओ ताबेमास’. आधी मी, मग भात, शेवटी खाणे. क्रम तोच. इंग्रजीत मात्र क्रियापद मध्ये येते. मराठीत नामाला मागून प्रत्यय लागतो, तसेच जपानीतही : ‘तोक्यो नि’ म्हणजे तोक्योला, ‘तोक्यो कारा’ म्हणजे तोक्योहून.

खरी गंमत नादशब्दांत आहे. आपले काळीज धडधडते, जपान्यांचे ‘दोकिदोकि’ करते. आपण फाडफाड बोलतो, ते ‘पेरापेरा’ बोलतात. असे जोडशब्द शोधून वहीत टिपत जाणे हा खेळच होतो.

जर्मनमध्येही तो, ती, ते

निर्जीव वस्तूंनाही तीन लिंगे हे जर्मनचे वैशिष्ट्य इंग्रजीतून शिकणाऱ्याला जाचक वाटते. मराठी माणसाला त्यात नवल नाही. तो चमचा, ती सुरी, ते ताट हे तो रोजच बोलतो. जर्मनमध्ये चमचा ‘तो’, काटा ‘ती’ आणि सुरी ‘ते’. लिंगे प्रत्येक वेळी जुळणार नाहीत, पण कल्पना तरी ओळखीची असते. स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर तीन रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तर ही लिंगे जाता-येता पाठ होतात.

जर्मनचे लांबलचक शब्दही समासासारखे फोडता येतात. ‘हांडशू’ म्हणजे हाताचा जोडा; आपण त्यालाच हातमोजा म्हणतो. ‘क्रांकेनहाउस’ म्हणजे आजाऱ्यांचे घर, अर्थात रुग्णालय.

मजा नेमकी कशात?

ॲपवर रोज पाच मिनिटे टिचक्या मारून दिवसांची साखळी टिकवणे सोपे आहे. त्यातून शब्द कळतात, पण बोलता येईलच असे नाही. त्यापेक्षा गोष्ट धरावी. डॉइचे वेलेची ‘निकोस वेग’ ही मालिका मोफत आहे. स्पेनहून जर्मनीत आलेल्या निकोची बॅग हरवते आणि पुढे काय होते, या उत्सुकतेपोटी धडे पुढे सरकतात.

दुसरा मार्ग माणसांचा. पौडजवळच्या खुबवली येथे १९९७ पासून यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे. तिथे अनेक देशांतली मुले एकत्र राहतात, त्यामुळे परकी भाषा बोलणारा शेजारीच सापडतो. प्रत्येकाला ही सोय नाही. पण क्लासमधल्या दोघांनी घरी परतताना बसमध्ये फक्त नव्या भाषेत बोलायचे ठरवले, तर त्याला पैसे लागत नाहीत.

पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. ती भाषा परदेशी नव्हती, पण सूत्र तेच : आवडीचा विषय आणि भोवती बोलणारी माणसे.

मेहनत मात्र टळत नाही

जपानीत रोजच्या वापरासाठी अधिकृत ठरवलेल्या कांजी अक्षरांची संख्या २,१३६ आहे. ती गिरवावीच लागतात. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. म्हणून प्रमाणपत्र मिळाले तरी तोंड उघडण्याचा सराव वेगळा करावा लागतो. आवड निर्माण झालेली असेल, तर हे कष्ट सहन होतात.

मग अडते कुठे?

बहुतेक ॲप आणि पुस्तके इंग्रजीतून शिकवतात. परदेशी रोजगारासाठी तरुण तयार करायचे, तर जर्मन आणि जपानीचे सुरुवातीचे धडे मराठीतून मिळायला हवेत. सरकारी योजना आणि खासगी क्लास, दोघांनीही हे मनावर घ्यावे. इंग्रजी उपयोगाची आहेच. पण तिची वाट बघत मुळशीतल्या एखाद्या आयटीआयच्या मुलाने जर्मन शिकणे दोन वर्षे पुढे ढकलावे, हे परवडणारे नाही.