हौदातला पहारेकरी : पिकू

पावसाळा आला की नगरपालिकेची माणसे घरोघर फिरून पाणी साठवू नका म्हणून सांगतात. पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आपण रिकाम्या करू शकतो. पण मशिदीतला वजूचा हौद आणि अंगणातली विहीर रोज कोण उपसणार? शहरी मलेरिया पसरवणाऱ्या डासाला नेमके असेच स्वच्छ, साठलेले पाणी आवडते. अशा पाण्यासाठी अल्लाहने एक चिमुकला पहारेकरी निर्माण केला आहे. या महिन्यात आम्ही त्याचीच ओळख करून देत आहोत.

कोकणात त्याला पिकू म्हणतात. शास्त्रज्ञ या प्रजातीला ‘ॲप्लोकायलस’ म्हणतात. हे नाव 1839 मध्ये दिले गेले. भारत, श्रीलंका ते आग्नेय आशियापर्यंत तिच्या काही जाती आढळतात. सर्वांत मोठी जात फार तर दहा सेंटिमीटर भरते, म्हणजे कालवणासाठी बिनकामाची! भाताची खाचरे, ओढे, विहिरी, तळी इथे हे मासे राहतातच, शिवाय खाडीकाठच्या मचूळ पाण्यातही तग धरतात. डोके चपटे, तोंड वरच्या बाजूला वळलेले आणि माथ्यावर चमकता ठिपका. या ठिपक्यामुळेच बंगालीत त्याला ‘तेचोखा’, म्हणजे तीन डोळ्यांचा, असे नाव पडले.

तोंड वर का, हे समजले की त्याचे काम समजते. डासाची अळी श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येते. पिकूही तिथेच फिरतो आणि तिला गिळतो. अळीचा डास होण्याआधीच काम फत्ते!

मग अडचण कुठे आहे? डासांसाठी मासे सोडायचे म्हटले की बहुतेकांना गप्पी आणि गंबुशिया एवढीच नावे आठवतात. गंबुशिया मूळचा अमेरिकेचा, 1928 मध्ये भारतात आणलेला. तो अळ्या खातो हे खरे. पण दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लेही खातो, मोठ्यांचे पर कुरतडतो. तो थेट पिल्ले देतो, म्हणून झपाट्याने वाढतो. पिकू मात्र पाणवनस्पतींवर थोडी थोडी अंडी घालतो आणि ती फुटायला साधारण दोन आठवडे लागतात. बंद हौदातून उचलून गंबुशिया ओढ्यात टाकला, तर तिथल्या पिकूचे काय होईल हे सांगायला नको. जगातल्या सर्वांत घातक शंभर उपऱ्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे.

सूरह रहमानमध्ये ‘मीजान’चा, म्हणजे तोलाचा उल्लेख आहे. तो तोल बाजारातल्या तराजूपुरताच नाही, असे आम्हाला वाटते. गावचा ओढाही आपल्याकडे अमानत आहे.

म्हणून काही गोष्टी पाळू या. हौद किंवा विहिरीसाठी मासे हवे असतील तर आधी जवळच्या ओढ्यात, खाचरात पिकू मिळतो का पाहावे. आणायचे तेही मोजकेच. तो उड्या मारतो, म्हणून हौद काठोकाठ भरू नये. हौद धुताना मासे जुन्याच पाण्याच्या बादलीत ठेवावेत. ब्लीचिंग पावडरीने ते मरतात. माशामुळे वजूचे पाणी नापाक होत नाही. तरी मनात शंका असेल तर इमामसाहेबांना विचारावे. गप्पी-गंबुशिया आधीच असतील तर ते तिथेच राहू द्यावेत, पण नको झाले म्हणून ओढ्यात, तळ्यात कधीही सोडू नयेत. मुलांनाही हे सांगून ठेवावे.

आणि मासे सोडले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजू नये. डेंग्यूचा डास पिंपात, टायरात, कुंडीत वाढतो. तिथे पिकू पोहोचत नाही. आठवड्यातून एकदा ही भांडी घासून कोरडी करणे आपल्याच हातात आहे.