विद्यार्थी-संपादक निवडूनच यावा

विद्यार्थ्यांच्या विज्ञान नियतकालिकाचा संपादक प्राध्यापकांनी गुणपत्रिका पाहून नेमावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत संपादनाच्या कामाशी जुळत नाही. संपादकाला लेख मिळवावे लागतात, अक्षांवर एकके न लिहिलेला आलेख परत पाठवावा लागतो, जवळच्या मित्राचा कच्चा लेख नाकारावा लागतो. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार या कामाचा आराखडा वर्गमित्रांपुढे मांडतो आणि वर्षभर त्यांना उत्तरदायी राहतो. गुणपत्रिकेत यातले काहीच दिसत नाही.

विद्यार्थ्यांच्या हाती अंक गेला की दर्जा घसरतो, हा आक्षेपही टिकत नाही. केंब्रिजमधील ‘आर्किमिडियन्स’ या विद्यार्थी गणितसंस्थेचे ‘युरेका’ हे नियतकालिक १९३९ मध्ये सुरू झाले. विशीतल्या फ्रीमन डायसन यांनी १९४४ साली त्यात रामानुजन यांच्या पूर्णांकांच्या विभाजनाविषयीच्या (पार्टिशन) निष्कर्षांवर सिद्धता नसलेल्या अटकळी मांडल्या. ‘क्रँक’ नावाची एक राशी असली पाहिजे, असे त्यांचे भाकीत होते. गणितज्ञ अँड्र्यूज आणि गार्व्हन यांनी ती शोधून १९८८ साली प्रसिद्ध केली. अशा अपुऱ्या पण सकस विचाराला विद्यार्थी नियतकालिकातच जागा मिळते.

प्राध्यापकांनी तथ्ये तपासावीत, सल्ला द्यावा. लेख घ्यायचा की नाही, हा निर्णय मात्र निवडून आलेल्या संपादकाचाच असावा.