माझ्या डोळ्यांचा डबल रोल

परवा एका मैत्रिणीने छेडलं, 'हल्ली संध्याकाळी फोन उचलत नाहीस. कोणी भेटलाय की काय?' म्हटलं, अगं, एक नाही, दोन-दोन भेटतात. समोर उभा असलेला प्रत्येक माणूस मला सध्या जोडीने दिसतो.

ती हसली. मग थांबली. 'म्हणजे?'

सांगते. गेल्या पावसाळ्यात चार दिवस घरी, अंबाजोगाईला गेले होते. संध्याकाळी आईबरोबर योगेश्वरीच्या दर्शनाला निघाले, तर देवळाचा कळस दोनदा दिसला. एक जागेवर, दुसरा त्याच्या जरा वर, तिरका. डोळे चोळले, तोंड धुतलं, तरी दोनच. घरी आत्याने लगेच निदान केलं, 'दृष्ट लागली पोरीला.' मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. त्या ठसक्याने होते तेही डोळे पाण्याने भरले.

गल्लीतल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, 'शेतात गेली होतीस का? रात्री खाली झोपलीस का?' मला हसूच आलं. लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या मुलीला हे काय विचारतात? त्यांनी का विचारलं ते नंतर कळलं आणि हसू पार पळालं. ते पुढे सांगतेच.

सकाळी उठले तर सगळं नॉर्मल! एक कळस, एक आई, एक आत्या. पुण्याला परतले. आठवडाभरात पॅटर्न ठरून गेला. सकाळी एकदम फ्रेश, चारनंतर स्क्रीनवरच्या ओळी एकमेकींवर चढायच्या आणि उजवी पापणी झोप आल्यासारखी खाली यायची. दोन डॉक्टर झाले, दोघांची अपॉइंटमेंट सकाळी दहाची. 'नंबर बरोबर आहे. स्ट्रेस घेऊ नका.' ऑफिसमध्ये एकाने तर सुचवलं, 'डेडलाईन आली की तुला बरं दोन दिसायला लागतं!'

दोन दिसण्यापेक्षा हे जास्त लागलं. पायाला प्लास्टर असेल तर लोक दार उघडून धरतात. येणारं-जाणारं दुखणं असेल तर माणूस कामचुकार ठरतो. काही दिवसांनी मलाही वाटायला लागलं, हे मीच तर घडवत नाही ना?

तिसऱ्या डॉक्टर न्यूरॉलॉजिस्ट होत्या. त्यांनी आधी एकच विचारलं, 'एक डोळा झाकला की दुसरी प्रतिमा जाते का?' मी कधी करूनच पाहिलं नव्हतं! झाकला, गेली. दुसरा झाकला, तरी गेली. त्या म्हणाल्या, एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर गडबड बहुतेक त्या डोळ्यातच असते, नंबर किंवा मोतीबिंदू वगैरे. झाकल्यावर एकच दिसत असेल तर दोन डोळ्यांची जुळणी बिघडलेली असते. प्रत्येक डोळा हलवायला सहा स्नायू असतात आणि त्यांना हुकूम द्यायला मेंदूकडून येणाऱ्या तीन नसा. या साखळीत कुठेही अडकलं की दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना बघतात. डायबेटिस, थायरॉइड, मल्टिपल स्क्लेरॉसिस, स्ट्रोक, कारणांची यादी लांबलचक आहे.

मग त्यांनी मला मिनिटभर वर छताकडे बघायला लावलं. उजवी पापणी हळूहळू खाली आली. खोलीत मी सोडून आणखी कोणीतरी ते पाहिलं होतं! रडूच आलं, पण आनंदाचं.

त्यांचा संशय होता मायस्थेनिया ग्रेव्हिसवर. नस जिथे स्नायूला निरोप देते त्या जोडावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. स्नायू वापरला की थकतो, विश्रांती दिली की सावरतो. म्हणून सकाळी हिरो, संध्याकाळी झीरो. आणि आमच्या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. मण्यारीचं विष याच जोडावर काम करतं. तिचा दंश दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठतो तो जड पापण्या, दोन-दोन दिसणं, कधी पोटात दुखणं घेऊन. बीड जिल्ह्यात, जिथे ऊसतोड करणारी कुटुंबं फडाजवळच्या कोपीत जमिनीवर अंग टाकतात, तिथे हा प्रश्न आधी विचारायलाच हवा. उत्तर 'हो' असेल तर मांत्रिक नाही, थेट हॉस्पिटल.

लंडनच्या डॉ. मेरी वॉकर यांनाही हा आजार विषबाधेसारखाच वाटला होता. क्युरारे नावाच्या विषाने स्नायू असेच ढिले पडतात, मग त्याचा उतारा इथे का चालणार नाही, असा विचार करून 1934 मध्ये त्यांनी तो एका पेशंटला दिला आणि पापणी उघडली. आज मी घेते ती गोळी त्याच घराण्यातली.

आता वाटेल, चला, नाव सापडलं, पिक्चर संपला. नाही हो! माझी अँटिबॉडीची टेस्ट निगेटिव्ह आली. डोळ्यांपुरताच हा आजार असलेल्या जवळपास निम्म्या लोकांची येते म्हणे. एमआरआय स्वच्छ. गोळीने फरक पडतो, पण पूर्ण नाही. फाइलवर निदानासमोर लिहिलंय, 'बहुधा'. सहा महिने मी या 'बहुधा'सोबत राहतेय.

कसं राहायचं? बारीकसारीक युक्त्यांनी. चष्म्याच्या एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी, डॉक्टरांना विचारून. त्रासाच्या वेळी स्कूटी बंद, रिक्षा चालू. अवघड काम सकाळी. रोज सकाळ-संध्याकाळ पापणीचा सेल्फी आणि डायरीत वेळेची नोंद. डॉक्टरांकडे सकाळी गेलं तरी संध्याकाळ पुरावा म्हणून सोबत असते. कुठलंही औषध घेण्याआधी आजार सांगायचा, कारण काही अँटिबायोटिक्सनी तो बळावतो.

सगळ्यात अवघड होतं लोकांना सांगणं. आई म्हणाली, 'बाहेर बोलू नको बाई, स्थळं बघायलोत आपण.' मी तिला अमिताभचं सांगितलं. 'कुली'च्या अपघातानंतर दोन वर्षांनी, 1984 मध्ये त्याला मायस्थेनिया ग्रेव्हिसचंच निदान झालं. त्यानंतर किती सिनेमे केले, 2000 साली 'केबीसी' सुरू केलं. आत्याचा चेहराच उजळला. दृष्टीचा विषय त्या दिवशी संपला!

मागच्या महिन्यात एक स्थळ आलं. पोहे झाल्यावर मीच सांगून टाकलं. त्यांचा फोन अजून आलेला नाही. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचाच फोन, 'आज किती वाजता दोन दिसले गं?' सांगितलं, साडेपाच. पलीकडून पेनाचा आवाज आला. ती कालनिर्णयवर लिहून ठेवत होती, दुधाच्या हिशोबाशेजारी.

तेव्हा फ्रेंड्स, तुम्हालाही दोन दिसायला लागले तर आधी एक डोळा झाकून बघा, वेळ लिहा आणि डॉक्टर गाठा. एकाएकी दोन दिसलं, त्यासोबत भयंकर डोकेदुखी, एक बाहुली मोठी, बोलताना-गिळताना अडखळणं किंवा श्वास लागणं असेल, तर लिहीतबिहीत बसू नका. त्याच मिनिटाला हॉस्पिटल.

आणि हो, घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झालीत. हा मजकूर मी अजून एकदाच लिहिलेला दिसतोय. पाठवून टाकते!