शुभंकरांना रजा हवी

आज २४ मे, जागतिक स्किझोफ्रेनिया दिन. व्याख्याने होतील, आजाराची लक्षणे सांगितली जातील. ते हवेच. पण हा आजार ज्या घरात पंधरा-वीस वर्षे मुक्कामाला आहे, तिथल्या आईला लक्षणे सांगावी लागत नाहीत. मुलाने गोळी गिळली की गालात धरली, हे ती त्याच्या जबड्याकडे पाहून ओळखते. रात्री कडी वाजली की उठून बसते. नात्यातल्या लग्नाला नवरा-बायको कधी जोडीने जात नाहीत. एकाला घरी थांबावेच लागते. पस्तिशीचा मुलगा आठ-आठ दिवस आंघोळ करत नाही, तेव्हा शेजारपाजारचे म्हणतात, ‘लाडावून ठेवलाय.’ या आजारात काही करण्याची उमेदच आटते, हे ती किती जणांना समजावणार?

पुण्याची ‘सा’ म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था यांनी अशा घरांना एकत्र बसवले. आजारी माणूस शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा शुभंकर, ही नावे तिथे रुजली. ‘सा’चे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणात ते स्वतः शुभंकर झाले. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी भावाच्या आजारासोबत बहिणीची ओढाताणही दाखवली. स्वमदत गटात कुणी तरी ‘आमच्याकडेही अगदी असंच’ म्हणते, तेव्हा वर्षानुवर्षे दाबलेले बोलणे बाहेर पडते. पण गट महिन्यातून एखाद-दोनदा भरतो. बाकीचे दिवस शुभंकर एकटाच असतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोंडून न ठेवता समाजात राहण्याचा हक्क दिला. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. मात्र समाजात राहणे याचा अर्थ आज आईच्या किंवा बहिणीच्या गळ्यात पडणे, एवढाच उरला आहे. कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, घरच्या घरी पुनर्वसन, हाफवे होम यांची जबाबदारी याच कायद्याने सरकारवर टाकली आहे. येरवड्यासारखे मनोरुग्णालय आणि घर यांच्या मधली ही सोय बहुतेक जिल्ह्यांत शोधूनही सापडत नाही.

सत्तरीतल्या आईवडिलांचा घोर वेगळाच असतो: आमच्यानंतर याचे काय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांच्या पालकत्वाची व्यवस्था केली. मनोविकार त्यात नाहीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने मानसिक आजाराला दिव्यांगत्व मानले, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचीही तरतूद केली. तो भत्ता या घरांना नियमित मिळायला हवा.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्ह्यात शुभार्थींसाठी आठ-दहा दिवस राहण्याची चांगली जागा असावी, म्हणजे पुढे ढकललेले मोतीबिंदूचे ऑपरेशन आईला उरकता येईल. नातेवाइकांनी फोनवर ‘आता बरा आहे ना?’ विचारून थांबू नये. रविवारी दोन तास येऊन बसावे. आणि टेली-मानसची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी फक्त रुग्णासाठी नाही. तिच्यावर शुभंकरांनीही, स्वतःसाठी, फोन करावा.