आधारगट मोठ्या शहरांपुरतेच का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला आणि मनोविकारांवरील उपचार हा नागरिकाचा हक्क ठरला. मात्र औषधाची चिठ्ठी हाती पडल्यानंतरचा प्रदीर्घ काळ कोणाच्या आधाराने काढायचा, या प्रश्नाचे उत्तर लहान गावांतील कुटुंबांना सहजी मिळत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आढळले. तज्ज्ञांची वाण असताना दहा-बारा जणांना एकत्र सामावणारा आधारगट हा किफायतशीर मार्ग आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यातील आयपीएच यांसारख्या संस्थांनी तो चोखाळला. रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात याच चळवळीत रुजला.

तथापि, केवळ समदुःखी एकत्र येणे पुरेसे नाही. कोणी परस्पर औषध बंद करण्याचा सल्ला देतो, कोणाच्या बोलण्यात आत्महत्येचा विचार डोकावतो. अशा वेळी प्रशिक्षित समुपदेशकाची उपस्थिती निर्णायक ठरते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा तातडीच्या प्रसंगी मोलाची आहे, पण नित्याचा सहवास ती देऊ शकत नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून अस्तित्वात आहे. त्याअंतर्गत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एकदा गट भरवणे आणि त्याचा वार, वेळ बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर लिहिणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, इच्छाशक्तीची आहे.